उत्तरेकडचा चौथा देवदूत

मी, ओबेड केरिज, वय वर्षे शहात्तर, धंदा सुतारकाम, राहणार मिल लेन, मिकलिंगहॅम, परगणा सफोक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. मला कमी ऐकू येते आणि जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावे लागते. बाकी डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले. त्यांनी सांगितले नसते तरी मला ठाऊक होते. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून काही कबूल करून घेतलेले नाही. १९३८ साली केलेले माझे मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे. त्यात मी सर्व काही माझी पत्नी हेप्झिबा हिला दिले होते, आणि तिला जाऊन नऊ वर्षे झाली.

वकीलसाहेब म्हणाले, "केरिज, तुमची मिळकत एका पानात बसेल."

मी म्हणालो, "मिळकत बसेल साहेब, तिच्यामागची कारणं बसायची नाहीत."

म्हणून हे इतके कागद.

कलम पहिले. माझे राहते घर, परसातली सफरचंदाची तीन झाडे, भिंतीवरचे घड्याळ आणि घरातले सर्व सामान मी माझी पुतणी रूथ फेन हिला देत आहे. रूथ ही माझे थोरले बंधू कै. जाबेझ केरिज यांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा लेनर्ड फेन रेल्वेत सिग्नल सांभाळतो. त्याने या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून काम पाहावे. लेनर्ड फार बोलत नाही आणि ठरल्या वेळी ठरले ते करतो. या कामाला असाच माणूस लागतो. घड्याळ रोज तीन मिनिटे पुढे जाते. ते दुरुस्त करू नये, हेप्झिबाला तसेच आवडत असे.

कलम दुसरे. पोस्टात जी काही शिल्लक निघेल तिचा अर्धा भाग आमच्या चॅपलच्या भिंतींना चुना लावण्यासाठी द्यावा आणि अर्धा संत एथेलड्रेडाच्या चर्चला, छपराच्या शिशाच्या पन्हळी दर शरद ऋतूत साफ करण्यासाठी द्यावा. पन्हळीत पाने साठली की पाणी भिंतीत उतरते, भिंतीतून तुळईच्या टोकात शिरते आणि ओल्या लाकडात किडा होतो. हे मी सत्तावीस वर्षे सांगत आलो आहे. आता मेल्यावर तरी ऐकतील.

एकाच माणसाने चॅपल आणि चर्च दोघांना द्यावे हे गावात पुष्कळांना खटकेल. आमचे घराणे चॅपलचे, म्हणजे चर्चपासून फुटून निघालेल्या साध्या पंथाचे. आमच्या प्रार्थनाघरात चार पांढऱ्या भिंती, बाके आणि एक पुस्तक. ना चित्र, ना मूर्ती, ना रंगीत काच. वडील आम्हा दोघा भावांना सांगत, "त्या चर्चात बाहुल्यांची पूजा चालते, तिकडे फिरकायचं नाही." माझे घर चर्चपासून दोनशे पावलांवर. त्याचे फाटक मी दोनदा नवे केले, त्यात नेलेल्या कितीतरी शवपेट्या माझ्या हातच्या. पण वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत मी त्याच्या दाराच्या आत पाऊल टाकले नव्हते.

कलम तिसरे. मिसेस मॉड गुडरहॅम यांना मी जस्ताचे सहा ट्रे देत आहे. ते मी स्वतः मापाने करवून घेतले असून माझ्या पलंगाखाली आहेत. चर्चमध्ये उत्तरेच्या भिंतीशी तीन कुलपांचा जो ओकचा पेटारा आहे, तो एकाच बुंध्यातून कोरून काढलेला आहे. असा पेटारा आज कुणाला करता येणार नाही, मलाही नाही. मिसेस गुडरहॅम गेली सत्तेचाळीस वर्षे त्याच्यावर ओल्या फुलदाण्या ठेवतात. त्याची गोल वर्तुळे उमटली आहेत, मी मोजली, एकोणीस आहेत. तरी फुलदाणीखाली ट्रे ठेवावा. या बाईंना साक्षीदार म्हणून सही करायची फार हौस होती, पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही असा कायदा आहे. सही हवी की ट्रे, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "ट्रे आहेत तरी कसे, बघू."

या बाईंवर माझा राग आहे आणि त्यांचे माझ्यावर मोठे उपकारही आहेत. ते कसे, ते पुढच्या कलमात येते.

कलम चौथे. माझी सर्व हत्यारे, म्हणजे वाकस, करवती, रंधे आणि एकतीस पटाश्या, चर्चच्या मालकीची व्हावीत. ती घंटाघराच्या खालच्या खोलीत कोरड्या जागी ठेवावीत, आणि ज्या कोणाला पुढे त्या छपराचे काम करायचे असेल त्याने ती वापरावीत. दुसऱ्या कामाला देऊ नयेत. याचे कारण असे.

१९३१ सालच्या ऑक्टोबरात एका मंगळवारी त्या छपराला आतून, तुळयांच्या टोकांवर, जे वीस लाकडी देवदूत आहेत त्यांपैकी एकाचा पंख तुटून खाली बाकावर पडला. आत मिसेस गुडरहॅम एकट्याच फुले लावत होत्या. त्या किंचाळत बाहेर आल्या त्या मी माझ्या अंगणात ऐकल्या. लंडनहून वास्तुविशारद आले. त्यांनी खालूनच दुर्बिणीने पाहिले आणि अहवाल दिला की लाकूड किड्याने पोखरले आहे. वीसही देवदूत कापून काढावेत, सगळे छप्पर उतरवावे आणि साधे पाइनचे घालावे. चर्चचे पाळक रेव्हरंड लशिंग्टन हे सज्जन गृहस्थ. त्यांनी आम्हा भावांना बोलावले, कारण एवढ्या उंच शिड्या गावात आमच्याकडेच होत्या. जाबेझ म्हणाला, "मूर्ती पाडायला मी फुकट येईन." माप घ्यायला मात्र त्याने मला पाठवले. आत जायचे त्याच्या जिवावर आले होते.

मी फीत आणि पेन्सिल घेऊन दक्षिणेच्या दाराने आत गेलो. दाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी कुंड, आठ बाजूंचे, त्याच्यावर माणसाच्या तिप्पट उंचीचे कोरीव लाकडी झाकण, वर वर निमुळते होत गेलेले. ते झाकण दोरीने उचलायचे असते. मी नुसता एका बोटाने धक्का दिला आणि ते वर सरकले. आत कुठेतरी त्याच्या वजनाइतके वजन बसवलेले होते आणि ते इतक्या वर्षांनी अजून चालत होते. मी बोट मागे घेतले. पुढे बाके. प्रत्येक बाकाच्या टोकाला एक प्राणी, आणि सगळ्यांच्या पाठी हाताने घासून गुळगुळीत झालेल्या. त्यापुढे वेदीच्या अलीकडे लाकडाचा कोरीव पडदा, त्याच्या खालच्या फळ्यांवर रंगवलेले बारा संत. बाराही जणांचे चेहरे खरवडून काढलेले. तीनशे वर्षांपूर्वी मूर्ती फोडणारे आले होते, त्यांचे ते काम. त्यांत आमचा एखादा पूर्वज नसेलच असे मी म्हणू शकत नाही.

मग मी मापासाठी बांधलेल्या परांचीवर चढलो. बेचाळीस पायऱ्यांची शिडी. खालून ते देवदूत पाकोळ्यांएवढे दिसत. वर पोचलो तर माझ्यासमोर सहा वर्षांच्या मुलाएवढा एकजण पंख पसरून उभा. वरच्या खिडक्यांना साधी काच आहे, त्यातून सकाळचा उजेड आडवा येत होता. मला वाटले होते जुने ओक काळे असेल. ते राखाडी होते, चांदीवर आलेले. मूर्ती फोडणाऱ्यांची शिडी इथवर पोचली नव्हती. सगळ्यांना चेहरे होते. एकाला गालावर देवीचे व्रण होते. एक किंचित तिरळा होता. पायांना नखे होती, आणि नखांखाली चंद्रकोर होती. जमिनीवरून पस्तीस फुटांवर.

मी फीत काढलीच नाही. किती वेळ तसा बसलो ते ठाऊक नाही.

नंतर मी सुतारासारखे बघायला लागलो. त्या अख्ख्या छपरात एक खिळा नाही. वीस टन शिसे वर आहे. वासे भिंतींना बाहेर ढकलतात आणि भिंतीतून पुढे आलेल्या आखूड तुळया त्यांना आत धरून ठेवतात. ही ओढाताण पाचशे वर्षे चालू आहे आणि कोणी जिंकलेले नाही, म्हणून छप्पर उभे आहे. मी एका सांध्याची लाकडी खुंटी ठोकून बाहेर काढली. त्या भोकातून ताज्या ओकचा वास आला. आंबट, कालच कापल्यासारखा. ज्या दिवशी त्या सुताराने ती खुंटी ठोकली त्या दिवसापासून तो वास आत कोंडून होता, आणि तो बाहेर आला तेव्हा तिथे फक्त मी होतो. मी भोकाला नाक लावून हुंगला. माझे डोळे भरून आले हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

आणखी एक गोष्ट पाहिली. उत्तरेकडच्या दहा देवदूतांच्या पंखांवर पटाशीचे घाव उलट्या बाजूने सुरू होऊन उलट्या बाजूला सुटले होते. ते डावखुऱ्या माणसाचे काम होते. मी डावखुरा आहे. शाळेत माझा डावा हात दोन वर्षे सुतळीने पाठीशी बांधून ठेवत. समोरचे दक्षिणेकडचे दहा उजव्या हाताचे होते. म्हणजे दोन कारागीर, समोरासमोर, एकाच छपराखाली. ते भाऊ होते की नव्हते मला माहीत नाही, आणि मी ते ठरवणारही नाही.

मी खाली आलो. रेव्हरंड लशिंग्टन बाकावर बसून होते. त्यांनी विचारले, "झालं माप? कधी पाडायला लागता?"

"पाडायचं नाही, साहेब."

"म्हणजे?"

"दहातले आठ सांधे धडधाकट आहेत. मला दोन हिवाळे द्या. सडलं तेवढं कापतो आणि नवं ओक जोडतो."

ते बाकावरून उठले. "अरे केरिज, तू तर चॅपलचा ना?"

"वर गेल्यावर ते आठवलं नाही, साहेब."

पण निर्णय गावसमितीचा होता, आणि समितीला नव्या छपराचे वेध लागले होते. शाळेच्या खोलीत सभा भरली. मला बोलता येत नाही. मी एवढेच म्हणालो, की मत द्यायच्या आधी एकेकाने शिडी चढून यावे. लोक हसले. तेवढ्यात मिसेस गुडरहॅम उठल्या, डोक्यावरची टोपी पिनेने घट्ट केली आणि म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर पडणार होता ना? मग बघते तरी कोण होता तो."

त्या चढल्या. मी खालून शिडी धरली होती. वर त्या बराच वेळ होत्या. खाली येऊन शाळेत परत गेल्या, आणि टोपीला लागलेली कोळ्याची जाळी तशीच असताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्यांच्या पायांना नखं आहेत! वीस वर्षं मी खाली फुलं लावते आहे, आणि मला कुणी सांगितलं नाही!" त्यांना रडू आवरेना. त्यानंतर अकराजण चढून आले. चौदा विरुद्ध तीन मतांनी छप्पर ठेवायचे ठरले. ट्रे देण्याचे खरे कारण हे आहे, तरी वर्तुळांबद्दल माझे म्हणणे कायम आहे.

कलम पाचवे. मिल लेनच्या टोकाची सुतारशाळा. तिचा पूर्वेचा अर्धा भाग माझा, तो मी रूथला देत आहे. पश्चिमेचा अर्धा भाग तिच्या वडिलांकडून तिला आलेलाच आहे. मध्ये जी फळ्यांची भिंत आहे ती काढायची की ठेवायची हे तिने ठरवावे. ती भिंत कशी आली हे गावाने तिला निरनिराळ्या प्रकारे सांगितले आहे. खरे काय ते असे.

सभेच्या संध्याकाळी मी सुतारशाळेत आलो. जाबेझ रंधा मारत होता.

"किती दिवसांचं काम?" त्याने विचारले.

"दोन हिवाळे."

"पाडायला दोन हिवाळे?"

"पाडत नाही आहोत. वाचवायचंय."

त्याने रंधा खाली ठेवला. "ओबेड, त्या बाहुल्या आहेत. पंख लावलेल्या बाहुल्या. बापाने आपल्याला काय शिकवलं?"

"सांधा कसा असावा तेही बापानेच शिकवलं. तू वर चल, एकदाच चल. सांधे तेवढे बघ."

"सैतानाच्या घराचेही सांधे चांगले असतील."

"मग तेही घर मी बघून येईन," मी म्हणालो.

हे मी बोलायला नको होते. त्याच्यासाठी तो विनोदाचा विषय नव्हता. तो खरोखर मला नरकात जाताना पाहत होता. सोमवारी मी आलो तर मधोमध भिंत उभी होती. इतकी ओळंब्यात, इतकी घट्ट, की दोन फळ्यांमध्ये चाकूचे पाते शिरत नव्हते. रागातसुद्धा त्याला वाईट काम करता येत नसे. तीस वर्षे आम्ही एका बाकावर काम केले होते. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या रंध्याचा आवाज मला ऐकू येई, माझा त्याला.

कलम सहावे. माझ्या भागात खिडकीखाली जो लोखंडी स्क्रूचा जॅक आहे तो माझा नाही. तो जाबेझचा आहे, आणि रूथला परत करायचा आहे.

१९३२ च्या मार्च महिन्यात उत्तरेकडची चौथी तुळई उचलायची होती. तिचे भिंतीतले टोक सडून भुसा झाले होते. दीड इंच वर उचलून नवे ओक जोडायचे. याला दोन जॅक लागतात. एक माझा, दुसरा वाटणीत जाबेझकडे गेलेला. मी तो मागितला नाही, शेजारच्या गावातून एक आणला. सकाळी अकराच्या सुमाराला त्या आणलेल्या जॅकचे आटे घसरू लागले. तुळई पाव इंच खाली बसली. मग आणखी पाव इंच. सगळे छप्पर कण्हल्यासारखा आवाज आला. सोबतचे दोन मजूर शिडीवरून खाली पळाले, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी ओकच्या पाचरी ठोकत राहिलो. एक ठोकली की दुसरी सैल व्हायची. सोडून जावे तर सगळेच खाली आले असते.

हेप्झिबा माझे जेवण घेऊन दारात आली होती. तिने वर पाहिले, डबा तिथेच टाकला आणि धावत सुतारशाळेच्या पश्चिमेच्या दाराशी गेली. "जाबेझ, तो वर आहे आणि छप्पर खाली येतंय!"

त्याने एवढेच विचारले, "कुठला जॅक लावलाय त्याने?"

छपन्न वर्षांचा माणूस, दुखरा गुडघा, खांद्यावर अर्ध्या मणाचे लोखंड. तो बेचाळीस पायऱ्या चढून आला. माझ्याकडे पाहिले नाही. जॅक बसवला, अर्धा फेरा दिला, आणि ते कण्हणे थांबले. मग तो दांडा धरून बसला. अकरापासून पाचपर्यंत. मी कापत होतो, बसवत होतो. मी हात पुढे केला की त्यात हवे ते हत्यार येई, मी भुवई उचलली की तो पाव फेरा देई. एक शब्द नाही. देवदूतांकडे बघायचे नाही म्हणून दिवसभर त्याने नजर दांड्यावरून हलवली नाही. नवे टोक जागेवर बसले तेव्हा 'ठक्' असा भरीव आवाज आला, आणि आम्हा दोघांचाही श्वास एकदमच सुटला.

"जाबेझ, चहा तरी घे गड्या," मी म्हणालो.

तो उतरून गेला. जॅक मात्र तिथेच ठेवून गेला. त्याशिवाय ते लाकूड मुरले नसते, हे त्याला कळत होते. काम संपल्यावर मी तो दोनदा त्याच्या दाराशी नेऊन ठेवला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तो माझ्या दाराशी आला.

कलम सातवे. मला चॅपलच्या आवारात हेप्झिबाशेजारी पुरावे. मात्र तिकडे नेण्याआधी माझी शवपेटी एक तास संत एथेलड्रेडाच्या चर्चमध्ये, बाकांच्या मधल्या वाटेत ठेवावी. प्रार्थना, वाद्य, भाषण काही नको. सध्याच्या पाळकसाहेबांनी याला होकार दिला आहे. चॅपलच्या मंडळींनी नाके मुरडली, पण शेवटी हो म्हणाले. मेलेल्या माणसाला पाठीवर झोपवतात ही चांगली पद्धत आहे. त्या छपराखाली उभे राहून मान फार दुखते.

कलम आठवे, आणि हे शेवटचे. हे रूथने एकटीने वाचावे आणि मग वाटल्यास इतरांना वाचू द्यावे.

रूथ, ती चौथी तुळई वाचली, पण तिच्यावरचा देवदूत वाचला नाही. मी हात लावला तर तो ओल्या पावासारखा हातात आला. वरचा रंग आणि आकार होता, आत पोकळ. त्याच्या जागी नवा कोरणे भाग होते. पुढच्या हिवाळ्यात मी तो माझ्या अर्ध्या भागात कोरायला घेतला. अंग, पंख, पाय शेजारच्या देवदूतावरून मापाने उतरवले. चेहराही तिथलाच उतरवायचा होता. दोनदा घेतला, दोनदा बिघडला. तिसऱ्यांदा मी त्या देवदूताचे काढून आणलेले चित्र बघायचे सोडून दिले. फळ्यांपलीकडे तुझ्या वडिलांचा रंधा चालू होता, आणि माझा हात चालत राहिला. संध्याकाळी तुझी काकू चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"ओबेड," ती हळूच म्हणाली, "अरे, हा तर जाबेझ आहे!"

मी म्हणालो, "नाही."

"मला डोळे आहेत," ती म्हणाली. "त्याला कळलं तर तो कुऱ्हाड घेऊन येईल."

मला दिसत होते ते. पण चौथ्यांदा लाकूड कापायचे माझ्या हाताला पटेना. इस्टरच्या आधी मी तो वर बसवला. पस्तीस फुटांवर कोण ओळखणार? आणि तुझे वडील तर त्या दारातून पुन्हा यायचेच नव्हते.

१९४४ च्या फेब्रुवारीत बॉरेटच्या बिटाच्या शेतात युद्धातले बॉम्बफेकी विमान कोसळले ते तुला आठवत असेल. त्यात दहा मुलगे होते. त्यांच्याबद्दल लिहायला मला शब्द येत नाहीत. स्फोटाने गावातल्या खिडक्या फुटल्या. दुपारी शेतातली धावपळ शांत झाल्यावर मी छप्पर पाहायला चर्चकडे गेलो. दारात तुझे वडील उभे होते. अडुसष्ट वर्षांचे. हातगाडीवर आमची लांब शिडी, कमरेच्या पट्ट्यात हातोडा. त्यांनी मानेने खूण केली, चढ.

मी पुढे, ते मागे. चर्चच्या खिडक्यांना युद्ध सुरू झाल्यापासूनच फळ्या मारलेल्या होत्या, म्हणून त्यांच्या हातात टॉर्च होता. दुरुस्तीच्या वेळी वर ठेवलेल्या फळ्यांवरून मी एकेक खुंटी ठोकून पाहत गेलो, ते उजेड धरत गेले. वीसही जणांच्या मागचे सांधे मिटलेले होते, केस शिरेल एवढी फट नाही. चौथ्या तुळईपाशी मी त्यांच्या आणि देवदूताच्या मध्ये उभे राहायचा प्रयत्न केला. त्यांनी मला हाताने बाजूला केले. टॉर्चचा उजेड त्या चेहऱ्यावर पडला आणि तिथेच राहिला.

रूथ, आयुष्यात मी एवढा कधी घाबरलो नाही, छप्पर खाली येत होते तेव्हाही नाही. त्यांचा दुसरा हात हातोड्यावर होता. ज्या गोष्टीला त्यांनी जन्मभर पाप मानले, ती त्यांच्याच चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत होती, पंख पसरून, चांदीसारख्या त्या जुन्या भाऊबंदांमध्ये एकटीच पिवळी. ते बघत होते. मग त्यांनी टॉर्च हळूहळू पुढे नेला, शेजारच्या देवदूतावर, त्याच्या पुढच्यावर, समोरच्या रांगेवर, एकेक करत वीसच्या वीस. कुठेही घाई केली नाही. जिथे पंख खांद्याला मिळतो तिथे थांबत होते, सुतार थांबतो तसे. त्यांचे तोंड किंचित उघडे होते. लहानपणी जत्रेत पहिल्यांदा वाफेचे इंजिन पाहिले तेव्हा ते असे दिसले होते. उजेड फिरून पुन्हा चौथ्यावर आला.

बारा वर्षे तीन महिन्यांनी माझा भाऊ माझ्याशी बोलला. म्हणाला, "नाक मोठं झालंय."

मी म्हणालो, "आहेच तेवढं."

त्यांनी टॉर्च नाकाच्या आणखी जवळ नेला. मग म्हणाले, "आईचं नाक आहे ते."

"हो," मी म्हणालो. "आईचंच."

"चल खाली. गुडघा दुखतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या भिंतीतली एक फळी काढली. एकच. त्या फटीतून आम्ही अकरा वर्षे चहा, हत्यारे आणि शिव्या दिल्या-घेतल्या. देवदूताबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, त्या दारातून पुन्हा आत गेले नाहीत, आणि चॅपलचे खंदे माणूस म्हणूनच गेले. त्यांनी मत बदलले असे मी म्हणत नाही, तूही कुणाला म्हणू देऊ नकोस. पण एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला जाऊन उत्तरेकडे वर बघ. तेव्हा ऊन थेट तिथे असते. इतकी वर्षे तुला सांगितले नाही, कारण ते गुपित अर्धे त्यांचे होते.

आता चर्चच्या समितीस, पुढच्या पाळकांस, आणि या छपरावर जे जे सुतार चढतील त्या सर्वांस माझी कायदेशीर शब्दांत सूचना: पुढेमागे दुरुस्ती निघाली तर उत्तरेकडच्या चौथ्या देवदूताचे नाक प्रमाणाबाहेर मोठे आहे असे आपल्या लक्षात येईल. ते तपासून झालेले आहे. त्याला कोणीही पटाशी लावू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिन्ही ठिकाणी माझी आद्याक्षरे आहेत. यावर मी पुढील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्या दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत केली. मजकूर काय आहे हे त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

सही: ओबेड केरिज

साक्षीदार:
१. आर्थर पिझी, पोस्टमास्तर, मिकलिंगहॅम
२. मिस डोरोथी ऑल्डस, मुख्याध्यापिका, गावशाळा, मिकलिंगहॅम

स्थळ: मिल लेन, मिकलिंगहॅम, सफोक
दिनांक: १४ ऑक्टोबर १९५८